डोळ्यांच्या आतले फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नाचे, सहलीचे किंवा वाढदिवसाचे फोटो मी कधी काढले नाहीत. मी डोळ्याच्या आतले फोटो काढतो. बाहुलीच्या इवल्याशा खिडकीतून मी आत डोकावतो आणि डोळ्याच्या तळाशी असलेला पडदा टिपतो. हा पडदा नारिंगी रंगाचा असतो. त्यावर रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात आणि एका बाजूला पिवळसर चकती असते. तुम्ही दिवसभर जे जे पाहता, त्याचे चित्र आधी या पडद्यावर उमटते. इतका महत्त्वाचा पडदा, पण तो ज्याचा त्याला कधी दिसत नाही. म्हणून माझी गरज.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे सगळे तोंडाला कापड बांधून काम करत. माझे भिंग घासणाऱ्या कारागीर बाई वयाने मोठ्या होत्या. त्या भिंग घासायच्या, उजेडासमोर धरायच्या, नाक मुरडायच्या आणि पुन्हा घासायला बसायच्या. शेजारचा कारागीर एकदा वैतागून म्हणाला, "बास की आता. झिजवून टाकाल त्याला."

त्या म्हणाल्या, "यातून लोकांच्या डोळ्यांत बघायचंय. माझा कंटाळा तिथे दिसायला नको."

तिथून खोक्यात बसून मी एका मोठ्या नेत्ररुग्णालयात आलो. तिथल्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या, पण कामाच्या भारी चोख होत्या. मी काढलेला प्रत्येक फोटो त्या स्वतः पाहत. फोटो पाहताना शेजारचा चहा निवून जाई, मग तो तसाच गटकन पिऊन टाकत. मधुमेहाच्या रोग्यांचे फोटो त्या जास्त बारकाईने पाहत. रक्तात साखर वाढली, की पडद्यावरच्या नाजूक वाहिन्या खराब होऊ लागतात. दुखत नाही, खुपत नाही, दिसायलाही बरेच दिवस नीट दिसते. ज्या दिवशी अंधुक दिसू लागते, त्या दिवशी पुष्कळदा उशीर झालेला असतो. "लवकर आले असते तर," असे डॉक्टरबाई पुटपुटत. ते वाक्य ऐकून ऐकून मला पाठ झाले होते.

लोक लवकर यायचे कसे? रुग्णालय लांब, रांग मोठी आणि डॉक्टरबाई एकट्या. डोळे दाखवायला जायचे म्हणजे एक दिवस कामावर खाडा. मग रुग्णालयाने ठरवले, की मला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका छोट्या दवाखान्यात ठेवायचे. तिथे डोळ्यांचे डॉक्टर नव्हते. म्हणून माझ्या शेजारी एक संगणक बसवला आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक प्रोग्राम घातला. या प्रोग्रामला आधी असंख्य डोळ्यांचे फोटो दाखवून शिकवले होते. निरोगी पडदा कसा असतो, बिघडलेला कसा असतो. मी फोटो काढायचा आणि त्याने तो वाचायचा. सगळे ठीक असले तर संगणकाच्या पडद्यावर हिरवी चौकट येई. शंका असली तर लाल. लाल आली की माणसाला डॉक्टरबाईंकडे पाठवायचे.

खरे सांगतो, सुरुवातीला माझे त्याच्याशी जमले नाही. डॉक्टरबाई ज्या फोटोपुढे चहा विसरत, तो हा पठ्ठ्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वाचून टाकी. पण काम चालू झाले आणि मी गप्प बसलो.

त्या दवाखान्यात मला सांभाळायला एक सिस्टर होत्या. स्वभावाने फटकळ, मनाने मऊ. रोज सकाळी त्या फुंकणीने माझ्या भिंगावरची धूळ उडवत, मऊ कागदाने ते हलकेच टिपत आणि मगच दार उघडत. समोर कुणी बसले की त्यांचे पालुपद सुरू होई. "हनुवटी इथे टेका, कपाळ पट्टीला लावा, आणि हिरव्या ठिपक्याकडे बघा. डोळा मिटलात तर फोटो पापणीचा येईल, आणि पापणीवर आमच्याकडे इलाज नाही."

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. सोबत त्यांचे यजमान. ते पूर्वी पहारेकरी होते, आता निवृत्त. मावशींना मधुमेह होता, पण डोळे तपासायचे त्यांना काही कारण दिसत नव्हते.

"मला सगळं दिसतं हो," त्या सिस्टरना म्हणाल्या. "सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते."

"दिसतं म्हणजे काय," यजमान म्हणाले. "मी कपाटात लपवलेली बिस्किटं हिला भिंतीपलीकडून दिसतात."

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाल्या आणि हनुवटी टेकली.

मी फोटो काढले. उजव्या डोळ्यावर लाल चौकट आली. मावशींचा चेहरा उतरला. सिस्टरनी पुढच्या माणसाला थांबायला सांगितले, एका कागदावर डोळ्याचे चित्र काढले आणि कुठे काय झाले आहे ते मावशींना समजावले. "अजून नजर गेलेली नाही. वेळेत सापडलंय. यंत्र शंका घेतं, खरं काय ते डॉक्टरबाई बघून सांगतील. उद्याच जा."

शंका खरी निघाली. लेझरने उपचार झाले आणि मावशींचा उजवा डोळा वाचला. काही दिवसांनी त्या मुद्दाम आम्हाला भेटायला आल्या. त्यांनी संगणकावरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "याच्यामुळे वाचले मी," त्या म्हणाल्या. मलाही जरासे वाटले, की आपल्याही पाठीवर कुणी हात ठेवावा. पण फोटो काढणाऱ्याला फोटोत जागा नसते. वर्तमानपत्रात दवाखान्याची बातमी आली, तेव्हाही चित्रात संगणक होता आणि त्याच्या कडेला माझी अर्धी हनुवटीपट्टी.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी औषधांच्या खोलीत काम करणारे एक गृहस्थ आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊ कामसू होते, टापटिपीचे होते. संगणकाचा पडदा ते रोज आरशासारखा लखलखीत करत. पण माझे भिंग पुसायचे असते, हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते. सिस्टर गेल्या त्या घाईत, आणि उरलेल्यांना वाटले की सगळे संगणकच पाहून घेतो. मीही कोपऱ्यात असतो, याचा लोकांना विसर पडला होता.

एकदा सर्दी झालेला एक माणूस ऐन फोटोच्या वेळी माझ्या तोंडावर शिंकला. एक बारीकसा थेंब भिंगावर बसला आणि तिथेच वाळला. दिसायला तिळाएवढाही नाही. पण त्या दिवसापासून मी काढलेल्या प्रत्येक फोटोत एक फिकट डाग येऊ लागला. मला तो कळत होता, सांगता मात्र येत नव्हता. आणि शेजारी बसलेला तो हुशार प्रोग्राम? त्याला मी दाखवीन तेवढेच दिसणार. त्याला तो डाग डोळ्यातला वाटला. एकामागून एक लाल चौकटी येऊ लागल्या.

अशातच मावशी वर्षाच्या तपासणीला आल्या. उजव्या डोळ्याचे त्यांना ठाऊकच होते. या वेळी डाव्यावरही लाल चौकट आली.

"लाल आलंय," भाऊ म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात तारीख घ्या. चला, पुढचे कोण?"

मावशींनी काही विचारले नाही. ज्याने एकदा डोळा वाचवला, त्याच्यावर शंका कशी घ्यायची? त्या उठल्या आणि भिंतीचा आधार घेत बाहेर गेल्या. वास्तविक त्यांना तेव्हाही स्वच्छ दिसत होते.

पुढचे मला यजमानांच्या तोंडून कळले. डॉक्टरबाईंची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळाली होती. मावशींनी मनाशी धरले, की शिवणानेच डोळ्यांची वाट लावली. त्यांनी मशीनवर चादर टाकली. भाचीचा पोशाख अर्धा बेतून झाला होता, तो दुसऱ्या शिंप्याकडे पाठवून दिला. आता डोळे मिटून वावरायची सवय करायला हवी, म्हणून त्या स्वयंपाकघरात चाचपडत डबे ओळखू लागल्या. यजमानांनी त्यांना हसवायचा खूप प्रयत्न केला. "इतकी वर्षं माझे दोष बघून दमली असशील, थोडे नाही दिसले तर तुलाच बरं," असेही म्हणून पाहिले. त्या हसल्या नाहीत. तेव्हा ते घाबरले.

तारखेच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मावशींचा डावा डोळा आपल्या उपकरणातून तपासला. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. "डावा डोळा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

"पण यंत्रानं सांगितलं ना," मावशी म्हणाल्या. "ते खोटं कसं बोलेल?"

डॉक्टरबाईंनी आधीच्या नोंदी चाळल्या. त्या दिवसांत आमच्या दवाखान्याकडून आलेल्या आणखी काही माणसांचे डोळेही त्यांना निरोगी आढळले होते. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच आमच्याकडे आल्या. मावशी आणि यजमानही आले. डॉक्टरबाईंना मी किती दिवसांनी पाहत होतो. केस पिकले होते, पण नजर तीच.

डॉक्टरबाईंनी भाऊंना वेगवेगळ्या माणसांचे फोटो संगणकावर शेजारीशेजारी लावायला सांगितले. "यांच्यात सारखं काय दिसतं?"

भाऊंनी वाकून पाहिले. "हा डाग, बाई. सगळ्यांना आहे."

"आणि जागा?"

"जागाही तीच." भाऊंचा आवाज खाली आला. "डावा असो की उजवा."

"इतक्या जणांना एकाच जागी एकसारखा डाग पडेल का?" असे म्हणून त्यांनी बॅटरी घेतली आणि माझ्या भिंगावर तिरपा उजेड टाकला. तो वाळलेला थेंब चमकला.

त्या भाऊंना रागावल्या नाहीत. फुंकणी कशी धरायची, कागद किती हलका फिरवायचा, हे त्यांनी करून दाखवले. मग शेवटचा हात भाऊंना फिरवायला लावला. मित्रांनो, काचेवरून तो कागद फिरला तेव्हा मला कसे वाटले म्हणून सांगू? कोंडलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसे.

मावशींचा पुन्हा फोटो काढला. डाव्या डोळ्यावर हिरवी चौकट आली. त्या कितीतरी वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिल्या.

"आता यावर विश्वास ठेवू का नको?" त्यांनी विचारले.

"ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचा उजवा डोळा यानंच वेळेत पकडला होता. पण त्याचं उत्तर म्हणजे निकाल नाही, एक हाक आहे. ती ऐकून माणसानं बघायचं असतं. या वेळी आम्हीच बघायला उशीर केला. आणि शिवणानं हा आजार होत नाही, मावशी. हे त्याच दिवशी तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

भाऊ खाली मान घालून उभे होते. यजमान मात्र खुशीत आले. "म्हणजे आता पुन्हा बिस्किटांची जागा बदलायला हवी," ते म्हणाले, आणि मावशी कितीतरी दिवसांनी हसल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण डाग पडलेल्या दिवसांत ज्यांचे फोटो निघाले होते, त्या सगळ्यांना पुन्हा बोलवायचे होते. बरेच जण आले. एक बसचालक मात्र येईनात. "एकदा घाबरवलंत तेवढं पुरे," असे त्यांनी फोनवर सुनावले. भाऊ त्यांच्या घरी गेले. चूक आमची होती, असे त्यांनी दारातच सांगून टाकले. चालकांनी बरीच बडबड केली, पण शेवटी आले, आणि हनुवटी टेकतानाही कुरकुरत होते.

स्वच्छ भिंगातून मी त्यांचा फोटो काढला. चौकट लालच आली. या वेळी डाग माझा नव्हता. फोटोत जागोजागी फुटलेल्या वाहिन्यांचे बारीक ठिपके होते.

भाऊंनी बाहेरच्यांना थोडे थांबायला सांगितले. चौकटीचा अर्थ काय आणि पुढे काय करता येते, ते त्यांनी सावकाश समजावले. चालकांनी एकच विचारले, "माझं बस चालवणं सुटणार का?"

"ते मला सांगता येणार नाही," भाऊ म्हणाले. "पण डॉक्टरबाईंकडे तुमच्यासोबत मी येतो."

आणि ते खरेच गेले. चालकांची बस काही महिने दुसऱ्याने चालवली. मग तपासणी होऊन त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. तेव्हापासून डॉक्टरबाई दर आठवड्याला प्रोग्रामने वाचलेले काही फोटो स्वतः पाहतात, हिरवेही आणि लालही. माझाही त्या प्रोग्रामवरचा राग गेला आहे. त्याने कितीतरी डोळे वेळेत ओळखले. एकट्या डॉक्टरबाई तेवढ्यांना जन्मभरातही पुऱ्या पडल्या नसत्या.

आता मी थकलो आहे. माझ्या जागी तळहातावर मावेल असा नवा कॅमेरा आला आहे आणि मला शिकणाऱ्यांच्या खोलीत ठेवले आहे. तिथे विद्यार्थी एकमेकांच्या डोळ्यांचे फोटो काढून हात बसवतात. पुष्कळदा पापणीच येते.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या अशाच एखाद्या यंत्राशेजारी उभे राहाल. ते तुमच्याहून वेगाने सांगेल, कदाचित तुमच्याहून अचूकही सांगेल. त्याचे ऐका. पण ज्या काचेतून ते पाहते, ती रोज पुसत जा. आणि उत्तर आले, की पडद्यावरून नजर काढून समोरच्या माणसाकडे पाहा. तो घाबरला आहे का, हे यंत्राला कळत नाही. तुम्हाला कळते.