आकडा नसलेली झाडे

फाल्गुनात आमचे रान तांबडे होते. एरवी बारमाही हिरवे, अंधार पोटात धरून बसलेले, सह्याद्रीच्या कुशीतले हे निबिड रान; पण फाल्गुन आला की शेंड्याशेंड्यावर ताम्रवर्णी पालवी फुटते आणि सकाळच्या उन्हात सगळा डोंगर घासून ठेवलेल्या भांड्यासारखा उजळतो. पाने कोवळी, पाने लवलवती, पाने इतकी पातळ की ऊन त्यांच्यावर थांबत नाही. त्यांच्यातून गाळून खाली येते.

त्या गाळीव उन्हात, रंगपंचमीच्या सकाळी, माझे वडील जमिनीकडे बघत उभे होते.

तो शेवटचा साधा दिवस. तो शेवटचा आहे हे रानाला ठाऊक नव्हते, त्यांना नव्हते, मला नव्हते. म्हणूनच तो साधा राहिला. त्याबद्दल मी त्या दिवसाचे अजून आभार मानते.

वडिलांचे नाव लवू गवस. घरात आणि गावातही आबा. त्यांचे काम झाडांवर आकडे मारण्याचे. कुंभेखोलचे रान सरकारी नाही, गावकऱ्यांच्या सामायिक मालकीचे आहे, आणि त्यातली काही झाडे अधूनमधून लाकडासाठी विकली जातात. कोणती विकायची ते आबा ठरवत. निवडलेल्या झाडाची तळहाताएवढी साल कोयत्याने तासायची, आणि त्या ओल्या, पांढुरक्या जागेवर डांबराने आकडा काढायचा. मागाहून करवतवाले येत. आकडा असलेले झाड पाडत, आकडा नसलेले सोडत. आबांना अक्षरे येत नव्हती. आकडे मात्र देखणे येत. गोल, ठसठशीत, शून्याच्या पोटात चंद्र मावावा असे.

मी त्यांची एकुलती मुलगी, प्रमिला. कोल्हापूरला एका कॉलेजात ग्रंथपाल. शिमग्याला आले होते, आणि त्या सकाळी त्यांच्याबरोबर रानात जाऊन, एका खडकावर, मांडीवर पुस्तक उघडून बसले होते.

"ह्या झाडाचा नाव असा काय गो तुझ्या पुस्तकात?" त्यांनी विचारले.

होते. मी ते लांबलचक लॅटिन नाव वाचून दाखवले.

"एवढी लांब हाक मारीसर झाड म्हातारा होतला," आबा म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत. विनोद करताना ते कधीच हसत नसत. झाडाभोवती एक फेरी, मग दुसरी फेरी, पायाच्या अंगठ्याने पाचोळा हळूच बाजूला सारत, जमीन निरखत, जमीन वाचत. वर त्यांनी एकदाही पाहिले नाही. का, ते मी विचारले नाही. मला वाटले, वयाने मान दुखत असेल.

संध्याकाळी पेजेच्या पहिल्या घोटाबरोबर ते म्हणाले, "पलीकडची उतरण उद्या करूया." आणि पहाटे ते उठले नाहीत. वारा नसताना एखादे फळ जसे देठ सोडते, तसे. आवाज न करता, कुणाला न उठवता.

*

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी अंगणात तिघे आले. गावाचे मानकरी भिवाकाका. लाकडाचे व्यापारी नाटेकर. आणि पेद्रूकाका, ज्यांची करवत तीस वर्षे आबांच्या आकड्यांमागून चालली होती.

गावाला साकव, पायी जायचा पूल, हवा होता. आषाढात कुंभ्याचा व्हाळ, आमचा ओढा, फुगतो, आणि दोन महिने कुंभेखोल जगापासून तुटते. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे. लहानपणी मी तो व्हाळ आबांच्या खांद्यावरून ओलांडला आहे. त्यांच्या छातीपर्यंत पाणी, माझ्या डोक्यावर दप्तर. गेल्या आषाढात भिवाकाकांच्या लेकीला, शेवंतीला, कळा सुरू झाल्या तेव्हा तिला दोरांच्या आधाराने पलीकडे नेले. शेवंती वाचली. बाळ वाचले नाही. त्यानंतर सगळ्या गावाने मिळून ठरवले, की चाळीस झाडे विकायची आणि पाऊस लागायच्या आत साकव उभा करायचा.

रान जुने होते, शेवंती तरुण होती. रानाचे खरे होते, शेवंतीचेही खरे होते.

चाळिसातल्या सव्वीस झाडांवर आबांचा आकडा पडला होता. चौदा उरली होती.

"बाय, दुःखात असलं बोलू नये," नाटेकर म्हणाले, "पण माझी माणसं सोमवारी येतायत. चौदाच ना? माझा माणूस अर्ध्या दिवसात मारील. जाडजूड बघून."

पेद्रूकाकांनी तोंडातले पान अंगणाबाहेर थुंकले. "तुझ्या माणसाक खाली बघूक येता?"

"झाडं वर असतात, पेद्रू."

"म्हणान तर विचारतंय." आणि माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "हिका येता. हिचो बापूस हिका दाखवीत होतो. हिका कळूक नाय, ती गोष्ट येगळी."

मला येत नव्हते. आणि येत असते तरी हातात डांबर घ्यायची माझी तयारी नव्हती. रानांच्या मरणाविषयी जगात जे जे लिहिले गेले, त्यातले बरेच मी वाचले होते. "मी झाडं मारणार नाही, काका," मी म्हटले.

"मारूचा काम माझा," पेद्रूकाका शांतपणे म्हणाले. "तुझा काम सोडूचा."

भिवाकाका व्हाळाच्या दिशेने बघत होते. त्यांच्या नजरेमागून मीही तिकडे बघितले, आणि पेद्रूकाकांबरोबर रानात जायला तयार झाले.

*

चैत्राचे रान. पालवीचा तांबडेपणा ओसरत चाललेला, हिरवा पुन्हा वर येत चाललेला. वेलींचे जाड दोर, खोडांचे थंड खांब, आणि खांबांमधून वाट काढत पेद्रूकाका पुढे, मी मागे. चालता चालता त्यांनी मला एका चुकीची गोष्ट सांगितली.

मी जन्मले त्याच सुमाराची ती चूक. तेव्हा आबा कार्तिकात आकडे मारीत. सगळेच मारीत, पाऊस सरलेला, वाटा मोकळ्या झालेल्या. एका थोराड बेहड्यावर त्यांनी कार्तिकात आकडा काढला. झाडाच्या उंच ढोलीत तेव्हा कुणी नव्हते. फाल्गुन सरता सरता करवत लागली. पण मधल्या दिवसांत तिथे एक संसार मांडला गेला होता. धनेशाची मादी, जिला आमच्याकडे माडगरूड म्हणतात, त्या ढोलीत शिरली होती. आतून दार लिंपून तिने स्वतःला कोंडून घेतले होते; चोचीपुरती एक फट ठेवून, उडायची पिसे गाळून, अंड्यांवर, अंधारावर, विश्वासावर बसली होती. नर दिवसभर रान पालथे घालून त्या फटीतून तिला फळे भरवत होता.

झाड पडले.

त्यानंतर तीन दिवस तो नर येत राहिला. चोचीत पिकले फळ, आणि जिथे दार होते त्या रिकाम्या हवेभोवती घिरट्या. आबा तीन दिवस त्या बुंध्यापाशी बसून होते.

"तेवापासून कार्तिकात त्यान कोयतो हातात धरलो नाय," पेद्रूकाका म्हणाले. "फाल्गुनातच आकडे मारी. पाखरू आत बसल्यार. यापारी ओरडत, मागसून पाऊस येता, लाकूड कदी काढूचा? मगे ते दुसऱ्याक बोलवत."

मला ते कार्तिक आठवले. आबा पडवीत बसून, हात रिकामे. चुलीवर पेज पातळ. दिवाळीत शेजारी नवे कपडे, आणि मला वाटायचे, माझे वडील आळशी आहेत. लहान मुलीच्या मनातला तो शब्द मी इतकी वर्षे तसाच बाळगला होता.

"पण ते खाली काय बघायचे?" मी विचारले. शेवटी एकदाचे विचारले.

पेद्रूकाका थांबले. उंच ढोली खालून दिसत नाही, ते म्हणाले; पानांनी झाकलेली असते. पण आत बसलेली मादी फळ खाते आणि बी बाहेर टाकते. दर वर्षी, त्याच झाडाखाली. मग तिथे त्या झाडाची नव्हेत अशी रोपे उगवतात. किंदळाखाली जायफळ. बेहड्याखाली धूप. ज्या झाडाच्या पायाशी परकी पोरे रांगतात, त्या झाडाच्या उरात कुणी आई कोंडून बसलेली असते.

*

दोन दिवस मी जमीन वाचली. पुस्तक वाचावे तशी. आधी अडखळत, मग ओळीमागून ओळ.

तिसऱ्या दिवशी नाटेकर स्वतः आले. पलीकडच्या उतरणीवर एक रानआंबा होता, पाच माणसांच्या कवेत न मावणारा, सरळसोट, गगनस्पर्शी. नाटेकरांनी त्याच्या सालीवर हात ठेवला.

"हा एक द्या," ते म्हणाले, "आणि पाच सोडा. एकात पाचांचं लाकूड आहे. हिशेब तुमच्याच बाजूचा आहे, बाय. पाच जीव वाचतील."

हिशेब खरा होता. मी गुडघ्यांवर बसले आणि पाचोळा सारला.

आंब्याखाली आंबा नव्हता. आंब्याखाली रानजायफळाच्या बिया होत्या, लाल जायपत्रीचे धागे अजून अंगावर असलेल्या, आजच पडलेल्या. आंब्याखाली धुपाची बोटभर रोपे होती. परक्या पोरांचे अख्खे अंगण होते.

आम्ही तिघे बसून राहिलो. दुपारचे रान निःशब्द. मग वरून वल्ही मारल्यासारखा आवाज आला, जड, संथ, श्वास टाकत येणारा, आणि पिवळ्या चोचीचा, काळ्यापांढऱ्या पंखांचा तो नर आंब्याच्या खोडाला येऊन बिलगला. खोडावर एक फट होती. फटीतून दुसऱ्या चोचीचे टोक बाहेर आले. एक फळ गेले. दुसरे गेले. तिसरे गेले. पक्षी उडाला.

नाटेकरांनी टोपी काढून हातात घेतली होती. "वीस वर्षं लाकडाचा धंदा करतोय," ते म्हणाले. "वर कधी बघितलं नव्हतं."

"खालीपण बघूक नाय," पेद्रूकाका म्हणाले.

नाटेकरांनी ते ऐकून घेतले. टोपी घातली. "पण मग पाच द्यावी लागतील, बाय. साकव हवेत उभा राहात नाही."

मी ती पाच दिली. ती आणि बाकीची नऊ. दरीत झुकलेला किंदळ, वीज पडून शेंडा गेलेला ऐन, दाटीत गुदमरलेला नाणा, आणि काही अशीही, ज्यांचा काहीच दोष नव्हता; त्यांच्याखाली फक्त त्यांचीच पोरे होती, म्हणून. साल तासली की झाडाचा ओला, गोडसर वास यायचा. पहिल्याच झाडावर माझ्या सत्ताविसाचा सात ओघळला.

"तुझ्या बापाशीचो सात बरो होतो," पेद्रूकाका म्हणाले.

"माहितीय मला," मी म्हटले, आणि चौदा दिवसांनी नव्हे, सतरा दिवसांनी, पहिल्यांदा रडले.

शेवटचा आकडा चाळीस. त्याचे शून्य मी सावकाश काढले.

*

परतताना पेद्रूकाकांनी वाट बदलली. एका घळीत उतरलो. तिथे जुने बुंधे होते, कापलेले, कुजलेले, शेवाळाच्या मऊ हिरव्या मखमलीने झाकलेले, कुणी दहा वर्षांचे, कुणी तीस. आणि प्रत्येक बुंध्यापासून हातभर अंतरावर एक तरुण झाड उभे होते. कुणी मनगटाएवढे, कुणी मांडीएवढे, कुणी माझ्या दुप्पट उंच. बुंधा नाण्याचा, तर झाड जायफळाचे. बुंधा ऐनाचा, तर झाड धुपाचे. इतके नेमके अंतर रान कधी ठेवत नाही. इतके नेमके अंतर हात ठेवतो.

"माडगरुडाच्या झाडाखालची रोपां आषाढात काढी," पेद्रूकाका म्हणाले, "आनी हंयसर आणून लावी. थंयच ऱ्हवली तर सावलेत मरतली, म्हणी. दर वर्सा."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू कदी विचारलंस?"

मग ते बुंधे दाखवू लागले, घरातली माणसे दाखवावीत तसे. हा पडला त्या वर्षीच्या मजुरीवर तू कोल्हापूरला गेलीस. हा तुझ्या वसतिगृहाचा. हा तुझ्या मोठ्या परीक्षेचा. मी एकेका बुंध्यापाशी थांबत गेले. माझ्या पहिल्या शब्दकोशापाशी थांबले. माझ्या चष्म्यापाशी. कॉलेजात रानांच्या नाशावरच्या निबंधाला मला बक्षीस मिळाले होते, त्या वर्षापाशी थांबले. तो निबंध घेऊन मी घरी आले होते आणि आबांना म्हणाले होते, "तुमच्यासारख्यांनी रान संपवलं." ते कोयता घासत होते. मान वर न करता म्हणाले होते, "होय गो, बाय." एवढेच. त्या वर्षीच्या बुंध्याशेजारी धुपाचे झाड होते. सरळ, निरोगी, माझ्यापेक्षा तरुण आणि माझ्यापेक्षा समंजस.

पेद्रूकाकांनी विडी काढली, पेटवली नाही, आणि व्हाळाकडच्या वाटेने मुद्दाम चार पावले पुढे निघून गेले.

घळीत मी आणि ती झाडे. वर पानांशी पाने जुळत आलेली, बुंध्याबुंध्यावर एकेक कोवळी सावली टेकलेली. मी त्या धुपाच्या खोडाला तळहात लावला. कोल्हापूरला गेल्यापासून मी आबांशी पुस्तकी मराठीत बोलत आले होते. आता माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली, सावकाश, मोठ्याने, रानाला ऐकू जाईल अशी.

"आबा, तुमचा काम बरा होता. माका त्याची लाज वाटली, ती माझी चूक. तुमी पाडलास त्याच्यार मी शिकलंय, आनी तुमी सोडलास त्याच्याखाली आज उभी असंय."