टॉवेलचं वजन

त्या मांजरीला घरात दोन नावं होती आणि ती दोन्ही एकाच बाईची होती. बायको तिला 'वन्सं' म्हणायची, कारण ओट्याशी काही शिजत असलं की मांजर दारात बसून जे तोंड करायची ते हुबेहूब तिच्या थोरल्या नणंदेचं होतं. बायकोनं वन्सं म्हटल्यावर नवऱ्याला 'ताई' म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. खऱ्या ताई दूरगावी राहत होत्या. मांजरीला आपलं नाव दिलंय एवढं त्यांना ठाऊक होतं. कशावरून दिलंय हे विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि सांगायचं इथे कुणाला सुचलं नाही.

नवरा वजनमापे निरीक्षक. बाजारातल्या दुकानांचे काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा, यात त्यांची चौतीस वर्षं गेली. निरोपसमारंभात लोकांना घड्याळं मिळतात. यांना कचेरीनं पितळी पारड्यांचा तराजू दिला, वजनांच्या पेटीसकट. तो त्यांनी खिडकीपाशी मेजावर मांडला आणि आठ वर्षं नुसता पुसला.

मग मांजर एकोणीस वर्षांची झाली, तिच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला आणि तराजूला काम मिळालं.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. वय झालंय, बरं होणार नाही, जपा. आणि हाल व्हायला लागले तर एक इंजेक्शन असतं, शांतपणे झोप लागते. निरीक्षकांनी विचारलं, "हाल व्हायला लागले हे ओळखायचं कसं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "कळेल तुम्हाला." आता, 'कळेल तुम्हाला' या मापावर निरीक्षकांनी जन्मात कुणाचा काटा पास केला नव्हता. त्यांनी आकडा मागितला. तीनदा मागितला. शेवटी बाई म्हणाल्या, "अडीच किलो म्हणा."

त्या दिवशी मांजर दोन किलो सातशे भरत होती.

तेव्हापासून रोज सकाळी आठला वजन. पितळ गार लागतं, वन्सं कुडकुडतात, म्हणून बायको तिला निळ्या टॉवेलात गुंडाळून आणायची, पारड्यात ठेवायची आणि वजन झालं की टॉवेलासकट उचलून न्यायची. टॉवेल एकशे ऐंशी ग्रॅम. तो पहिल्याच दिवशी वेगळा तोलून घेतला होता आणि रोज वजा व्हायचा. खोक्यासकट केक तोलणाऱ्या कितीतरी बेकरीवाल्यांना निरीक्षकांनी दंड केला होता. आकडा वहीत चढला की मांजरीला कातडीखाली सलाईन, मग कोमट केलेलं कोंबडीचं सूप, मग नखं बघायची, कारण म्हातारपणी ती आत वळतात. खिडकीपर्यंत उडी मारता येईना, तेव्हा निरीक्षकांनी वजनमापे कायद्याच्या जाड खंडांच्या पायऱ्या रचून दिल्या. त्या खंडांचा एवढा उपयोग त्याआधी कुणाला झाला नव्हता.

वजन दोन सहाशे झालं. पाच महिन्यांनी दोन साडेपाचशे झालं. आणि तिथे थांबलं.

सात आठवडे काटा हलला नाही. निरीक्षक खूश होते आणि अस्वस्थही. नव्या पोरांना ते शिकवायचे, एकच आकडा रोज येत असेल तर समजा कुणीतरी बनवतंय. त्यांनी तराजू उघडून पाहिला. वजनं एकमेकांशी ताडून पाहिली. खोटं वजन करायची जुनी रीत म्हणजे बुडाच्या भोकात भरलेलं शिसं कोरून काढायचं. यांनी आपलीच वजनं उलटी करून बुडं तपासली. सगळं चोख. मग त्यांनी फार खोलात जायचं सोडलं आणि हवामानाबद्दल तक्रार सुरू केली.

"यंदा वारा फार आहे," ते म्हणायचे. दिवाणखान्याचे पडदे पेपर वाचताना सारखे तोंडावर यायचे.

"असेल," बायको म्हणायची.

एका मंगळवारी बायको दाढ काढायला दातांच्या डॉक्टरकडे गेली. आठ वाजले. निरीक्षकांनी ठरवलं, आज आपणच. टॉवेल शोधला तर तो न्हाणीघरात नव्हता, शिवणाच्या खणात घडी घालून ठेवलेला होता. त्यांनी ओढला, तो हातातून निसटला आणि पायाच्या अंगठ्यावर पडला.

निरीक्षक "आई गं!" म्हणून ओरडले. मग त्यांना वाटलं, आपण टॉवेल लागला म्हणून ओरडलो. उभ्या आयुष्यात त्यांना टॉवेल लागला नव्हता.

त्यांनी तो पारड्यात टाकला. सहाशे चाळीस ग्रॅम. काठ उसवला. आतून शिशाचे चपटे मणी सांडले, पडदे सरळ पडावेत म्हणून त्यांच्या खालच्या काठात घालतात ते. निरीक्षकांनी मान वळवून दिवाणखान्याकडे पाहिलं. पडदा त्यांच्याकडे बघून फडफडला.

मग त्यांनी मांजरीला तसंच उचलून पारड्यात ठेवलं. दोन किलो नव्वद.

बायको परतली तेव्हा मेजावर टॉवेल, मण्यांची रास आणि वही मांडून ठेवलेली होती. मागे निरीक्षक उभे. पंचनाम्याची सगळी तयारी, पण आरोपीच्या तोंडात कापसाचा बोळा. तासभर बोलायचं नाही, असं दातांच्या डॉक्टरनं बजावलेलं.

"हे काय आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"अं," बायको म्हणाली.

"चौतीस वर्षं मी वजनातलं शिसं काढणारे पकडले. शिसं भरणारी माझ्याच घरात!"

बायकोनं पर्स ठेवली, पेन्सिल उचलली आणि वहीत लिहिलं : 'आकडा तुम्हाला हवा होता.'

"म्हणून खोटा द्यायचा?"

'खरा मिळाला ना आता? मग न्या तिला.'

निरीक्षकांनी ते वाचलं. खिडकीत मांजर त्यांच्याकडे बघत होती, वन्सं-तोंड करून. त्यांनी वही मिटली. पुन्हा उघडली. इतकी वर्षं शब्दाला शब्द लावणाऱ्या दुकानदारांना ते पुरून उरले होते. तोंडात बोळा असलेल्या बाईपुढे त्यांचं काही चालेना.

"उद्या नेऊ," ते म्हणाले.

'आजच,' बायकोनं लिहिलं. आणि खाली, जरा वाकड्या अक्षरात : 'रोज रात्री मणी वाढवायचे. मला आता शिववत नाही.'

निरीक्षक खुर्चीवर बसले. "मला हाताला हलकी लागायची गं," ते म्हणाले. "उचलली की लागायची. तराजू तपासला, वजनं तपासली. टॉवेल नाही तपासला."

बायकोनं डॉक्टरचं न ऐकता बोळा काढला. "का?"

"आकडा बरा होता."

दुपारी दोघं मांजरीला टोपलीत घालून निघाली. टोपली निरीक्षकांच्या मांडीवर होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच, हातातल्या गोष्टीचं वजन किती असावं याचा अंदाज ते करत नव्हते.

"दोन किलो नव्वद," डॉक्टरबाईंच्या टेबलाशी उभं राहून ते म्हणाले. आवाज कचेरीतला काढायचा होता, निघाला भलताच. "अडीचच्या खाली गेलीय. तुम्ही सांगितलं होतं, अडीच."

"मी?" डॉक्टरबाईंनी आठवून पाहिलं. "काका, तुम्ही त्या दिवशी मला सोडतच नव्हता. बाहेर सात कुत्री खोळंबली होती. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

"म्हणजे अडीचला आधार काय?"

"काही नाही."

ज्याच्यामागे शासननिर्णय नाही असा आकडा निरीक्षकांनी आजवर पाहिला नव्हता, आणि अशा आकड्यावर ते सात महिने जगले होते. त्यांना संताप यायला हवा होता. पण छातीवरून कुणीतरी दहा किलोचं वजन उचलून न्यावं, तसं काहीतरी झालं.

डॉक्टरबाईंनी मांजरीच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, पाठीवरून हात फिरवला. "खाते?"

"सूप चाटते," बायको म्हणाली. एक गाल सुजल्यामुळे ती अर्ध्याच तोंडानं बोलत होती. "मासा दिला तर थोडा."

"जवळ येते?"

"माझ्या मांडीवर येते. यांच्याकडे बघून तोंड करते."

"कसं?"

बायकोनं सुजल्या गालानिशी करून दाखवलं. डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "मग आज कशाला सुई? दुखत नाहीये तिला. म्हातारी झालीय, वाळलीय, एवढंच. खाणं सोडलं, जवळ यायचं सोडलं, हे असं तोंड करायचं सोडलं, की मला फोन करा. मी घरी येईन. आणि काका, वजन बंद."

"बंद?"

"पूर्ण."

घरी आल्यावर निरीक्षकांनी वजनांची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. मांजर कायद्याच्या पायऱ्या चढून मेजावर गेली, उन्हात तापलेलं पारडं हुंगलं आणि त्यात जाऊन वेटोळं घातलं. उन्हातलं पितळ गार नसतं, हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं पारडं खाली मेजाला टेकलेलं आणि दुसरं हवेत. समोर दिवाणखान्याचा पडदा फडफडायचा, तिकडे ती बघत राहायची, मन झालं तर एक पंजा उचलायची. म्हणून मणी पुन्हा शिवायचे नाहीत असं ठरलं. निरीक्षक तोंडावरचा पडदा एका हातानं धरून पेपर वाचू लागले. सकाळी आठ वाजता आता चहा व्हायचा.

असे किती दिवस गेले ते निरीक्षकांनी मोजले नाहीत. बायकोनं मोजले, एकोणतीस. तिसाव्या सकाळी मांजरीनं सुपाकडे पाहिलं नाही आणि कुणाकडे बघून तोंडही केलं नाही. निरीक्षकांना विचारायला लागलं नाही, त्यांना कळलं. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, चारला येते. साडेतीनला, बायकोचा हात पाठीवर असताना, निरीक्षक बाजूला सूप कोमट करून पुन्हा एकदा बघावं म्हणून वाटी घेऊन उभे असताना, मांजर उन्हात झोपल्या झोपल्या गेली.

"कुणासाठी थांबायच्या नाहीत," बायको डोळे पुसत म्हणाली. "अगदी वन्सं."

"ठरवावं लागलं नाही गं," निरीक्षक म्हणाले. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

बायकोनं तिला निळ्या टॉवेलात घेतलं, हलक्या टॉवेलात. पारडं वर उठलं, दोन-चारदा झुललं आणि काटा मधोमध येऊन थांबला. निरीक्षक सवयीनं खाली वाकले, डोळा काट्याच्या पातळीवर आणून त्यांनी पाहिलं.

"बरोबर आहे?" बायकोनं विचारलं.

"बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं सुईदोरा घेऊन सगळे मणी पडद्यांच्या काठात परत घातले. संध्याकाळी निरीक्षक पेपर उघडून बसले. पडदा सरळ, गुमान उभा होता. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"वारा पडला," ते म्हणाले.

"पडला खरा," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.