ड्रायव्हरचा पट्टा, पेंटरचा दंड

मित्रांनो, खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा सोडून दिलं. कारण यात मी खोटा पडलोय. ज्याचं अख्खं आयुष्य खरा आकडा सांगण्यात गेलं, त्यानेच "मी तीन आठवडे खोटं सांगत होतो" असं कबूल करायचं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला कळणार नाही. पण गप्प बसलो तर हेच पुन्हा कुठेतरी होईल. म्हणून सांगून टाकतो.

मी एक जुना बीपीचा काटा आहे. गोल तबकडी, आत एक बारीक सुई, खाली रबरी नळी, नळीला दंडावर बांधायचा पट्टा आणि हवा भरायचा फुगा. कारखान्यात एका बाईंनी भिंग डोळ्याला लावून माझी सुई बसवली होती. त्यांनी मला तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा म्हणाल्या, "आता हा खरं बोलतो."

तेवढं एकच वाक्य घेऊन मी जगात आलो.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. एका मोठ्या वॉर्डात होतो. मग बॅटरीवर चालणारी मशीनं आली, बटण दाबलं की आकडा. मला कपाटावर ठेवलं. धूळ बसली. एकदा कुणीतरी खाली पाडलं, काचेला चीर गेली. मला वाटलं, संपलं. पण डायलिसिसच्या खोलीतली सिस्टर मला उचलून घेऊन गेली. माझी तपासणी करून घेतली, चाकांच्या स्टँडवर बसवलं, आणि सगळ्यांना सांगायला लागली, "बॅटरीवाल्यांचा भरवसा नाही. हा म्हातारा बरा." मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू!

डायलिसिसच्या खोलीत ज्यांच्या किडन्या थकल्यात अशी माणसं येतात. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. मशीन त्यांचं रक्त धुऊन परत देतं. पण किडनीचं काम फक्त रक्त गाळणं नाही. ती एक निरोपही पाठवते, हाडांच्या आत, की बाबांनो, लाल पेशी बनवा. किडनी थकली की निरोप बंद. निरोप बंद की रक्त कमी. मग माणूस दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकतो. तोच निरोप इंजेक्शनमधून देता येतो. हार्मोनचं इंजेक्शन. पोटावर नाहीतर दंडावर, कातडीखाली, छोटीशी सुई.

हे सगळं मला फ्रिजने सांगितलं. आमच्या खोलीत एक छोटा फ्रिज आहे, त्यात फक्त ही इंजेक्शनं असतात. गोठू द्यायची नाहीत, तापू द्यायची नाहीत, जोरात हलवायची नाहीत. फ्रिजच्या दारावर सिस्टरने स्वतःच्या अक्षरात, एकाखाली एक ओळी लिहून, एक कागद चिकटवला होता:

"आधी बीपी बघा. मग रक्ताचा रिपोर्ट बघा. मगच फ्रिज उघडा. वरचा आकडा १६० च्या पुढे असेल तर इंजेक्शन नाही, डॉक्टरांना फोन."

म्हणजे बघा, फ्रिजची किल्ली माझ्याकडे होती.

आता पेंटर. हा माणूस भिंतींवर अक्षरं काढायचा. मोठमोठी, हाताने, शिडीवर चढून. आला तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन साडेसात होतं. चेहरा चुन्यासारखा. पण तोंड बंद नाही. पहिल्याच दिवशी फ्रिजवरचा कागद बघून म्हणाला, "सिस्टर, हे अक्षर आहे की मुंग्यांचा मोर्चा?"

सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही आधी खुर्चीत नीट बसून दाखवा. मग अक्षरं शिकवा."

इंजेक्शन सुरू झालं. दर आठवड्याला एक. सोबत लोह. दोन महिन्यांत तो साडेनऊवर आला. गालांवर रंग आला. डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, "छान. दहा ते साडेअकराच्या मध्ये ठेवू या. त्याच्या वर नाही."

पेंटर म्हणाला, "चौदा का नाही? माझा मेव्हणा पंधरा आहे. दिवसभर लोळतो, त्याला कशाला पंधरा?"

"मेव्हण्याचं त्याचं शरीर करतं. तुम्हाला आपण बाहेरून देतोय. जास्त दिलं, घाईने दिलं, तर रक्त दाट होतं. बीपी चढतं, गुठळी होते. डोक्यात झाली तर हात जातो, वाचा जाते. आणि डोकं दुखलं तर लगेच सांगायचं."

"मी कुठे नाही म्हणतोय," पेंटर म्हणाला. पण त्याच्या डोक्यात एक भिंत होती.

एका गोदामाची चार मजली भिंत. त्यावर हाताने अक्षरं काढायची होती. हल्ली असं काम कुणी देत नाही, कापडावर छापून टांगतात. हे काम महिन्याभरात सुरू होणार होतं आणि पेंटरला परांचीवर स्वतः चढायचं होतं. काकू, म्हणजे त्याची बायको, दर वेळी त्याला सोडायला यायच्या. त्या म्हणायच्या, "अहो, पोरं आहेत ना हाताखाली, त्यांना चढवा."

"पोरं रंग फासतात. अक्षर मी काढतो."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मी एकशे चौसष्ट दाखवलं. सिस्टरने फ्रिज उघडला नाही. पेंटरचा चेहरा असा पडला, जसं मी त्याची शिडीच काढून घेतली.

आता आमच्या खोलीची एक सवय सांगतो, सगळं तिथेच बिघडलं. सकाळी एकदम सगळे पेशंट यायचे. सिस्टरला दोन हात, पेशंट आठ. म्हणून जुनी माणसं आपला पट्टा आपणच बांधून बसायची. ती यायची, फुगा दाबायची, कानाला नळी लावून ऐकायची, आकडा लिहायची, पुढे. वेळ वाचायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

माझ्या स्टँडला दोन पट्टे होते. एक नेहमीचा. दुसरा मोठा, खास ड्रायव्हरसाठी. ड्रायव्हर म्हणजे अगडबंब माणूस, तीस वर्षं बस चालवलेली, दंड माझ्या स्टँडच्या पायापेक्षा जाड. नेहमीचा पट्टा त्याला अर्धाच यायचा.

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर खुर्चीतून उठला आणि पेंटर बसला. नळीला मोठाच पट्टा लावलेला होता. पेंटरने तोच बांधला, खरंच चुकून. त्याच्या काडीसारख्या दंडाला तो दोन वेढे बसला. सिस्टरने फुगा दाबला. आणि मी दाखवलं, एकशे शेहेचाळीस.

मित्रांनो, बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जाड दंडाला लहान बांधला की जास्त येतो. माझी सुई तर बरोबरच होती हो. पण मला जे हातात दिलं तेच चुकीचं होतं, आणि मी ते छातीठोकपणे सांगितलं.

सिस्टर म्हणाली, "वा काका, उतरलं की!" फ्रिज उघडला.

पेंटरने पट्टा सोडला, उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. रंगाच्या डब्यात थेंबभर निळं जास्त पडलं तरी ओळखणारा माणूस तो.

त्यानंतर तो ड्रायव्हरच्या मागे थांबायला लागला. आधी सगळ्यांत पहिला यायचा, आता दारात घुटमळायचा.

"काय पेंटर, माझी वाट बघतोस?" ड्रायव्हर विचारायचा.

"तुझी गाडी कधी वेळेवर आलीय? बघावीच लागते."

सगळे हसायचे. पेंटर शर्टाची बाही पट्ट्यावर ओढून घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात एकशे बावन्न. फ्रिज उघडला. तिसऱ्या आठवड्यात एकशे अठ्ठावन्न. फ्रिज उघडला. त्यात त्याने सकाळची बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली होती, डायलिसिसमध्ये प्रेशर पडतं म्हणून. आणि महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट उशिरा येत होता. सिस्टर रोज फोन करायची, तिकडून उत्तर यायचं, "आज पाठवतो."

मी ओरडू शकत नव्हतो. फ्रिज घरघर करायचा, मी गप्प. त्याला वाटत होतं, काटा म्हणतोय तर ठीकच असणार. माझ्यावरच्या विश्वासाची मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

चौथा आठवडा. पेंटर आला तोच एका हाताने कपाळ दाबत. काकूंनी विचारलं, "डोकं दुखतंय का?" तो म्हणाला, "उन्हाने." बाहेर ऊन नव्हतं.

ड्रायव्हर उठला. पेंटर बसला. मोठा पट्टा. बाही खाली. मी दाखवलं एकशे अठ्ठावन्न. माझ्या हिशोबाने खरा आकडा एकशे ऐंशीच्या वर होता.

सिस्टरने इंजेक्शन बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवलं. थंडगार टोचत नाहीत, अर्धा तास तसंच राहू देतात. गरम पाण्यात बुडवायचं नाही, हातात चोळायचं नाही, नुसतं ठेवायचं. म्हणजे अर्धा तास उरला होता. पेंटर पलंगावर जाऊन पडला. नेहमी पट्टा सोडून नळी परत माझ्यावर अडकवायचा. आज विसरला. चाकांच्या स्टँडसकट मी त्याच्या मागे पलंगापर्यंत ओढला गेलो आणि दंडाला तसाच लटकत राहिलो.

दहा मिनिटं झाली. पेंटर डोळे मिटून होता. पंधरा. ट्रेमधल्या इंजेक्शनवरचं धुकं विरलं. वीस.

"सिस्टर," समोरच्या पलंगावरून ड्रायव्हर म्हणाला, "गरगरतंय मला."

सिस्टर धावली. त्याचे पाय वर केले, डोकं खाली केलं, मशीनचा वेग कमी केला. त्याच्या पलंगाजवळच्या बॅटरीवाल्याने नुसती आडवी रेघ दाखवली. ती वळली आणि माझ्या स्टँडकडे आली. हुकावर फक्त नेहमीचा पट्टा होता, ड्रायव्हरचा मोठा दिसेना. तिने नळी ओढली. नळी ताणली गेली. तिने नळीच्या मागे मागे बघत पेंटरची बाही वर केली.

तिने हळू आवाजात विचारलं, "हा इथे कसा?"

पेंटरने डोळे उघडले. "लावला असेल चुकून."

तिने पट्टा सोडला, आधी ड्रायव्हरचं बघितलं, नव्वद. सलाईन लावलं. "पाच मिनिटांत येते, हलू नका," असं त्याला सांगून मला ढकलत पेंटरकडे आणलं. चाकं खडखडत होती. नेहमीचा पट्टा तिने स्वतः बांधला. फुगा दाबला. कानाला नळी.

मी एकशे चौऱ्याण्णव दाखवलं.

तिने दुसऱ्यांदा बघितलं. एकशे शहाण्णव. तिने ट्रेमधलं इंजेक्शन उचललं आणि लांबच्या टेबलावर ठेवलं. मग पेंटरला म्हणाली, "काका, फ्रिजवरचा कागद वाचा बघू."

"मुंग्या वाचायला लावतेस होय?"

"वाचा. पहिली ओळ."

पेंटरने मान वळवली. "बीपी बघा," तो म्हणाला. मग थांबला. "रिपोर्ट बघा. फ्रिज उघडा."

प्रत्येक ओळीचा डावा भाग तो वाचतच नव्हता. "आधी" नाही, "मग" नाही, "मगच" नाही. त्याला ते शब्द दिसतच नव्हते, आणि दिसत नाहीत हेही त्याला कळत नव्हतं. आयुष्यभर अक्षरं काढलेला माणूस.

दाराशी उभ्या काकूंना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, रडल्या नाहीत. सरळ आत येऊन म्हणाल्या, "सिस्टर, चार दिवस डोकं दुखतंय त्यांचं. सकाळची गोळी पण घेत नाहीत. मला गप्प बसवलं त्यांनी. आता मी गप्प बसत नाही."

डॉक्टरबाई धावत आल्या. बीपी उतरवायचं औषध शिरेतून सुरू केलं, एकदम नाही, हळूहळू. रिपोर्टसाठी स्वतः फोन लावला आणि आवाज चढवला तेव्हा आकडा मिळाला. हिमोग्लोबिन बारा पॉइंट आठ. महिन्यात तीन वर. "इंजेक्शन पूर्ण बंद," त्या म्हणाल्या. पेंटरला स्ट्रेचरवरून डोक्याचा फोटो काढायला नेलं.

पुढचे चार दिवस मी कुणाच्या दंडाला लागलो तरी माझं लक्ष दाराकडे होतं. मेंदूला सूज होती, रक्त सांडलेलं नव्हतं. बीपी उतरलं तशी ती ओसरली. पाचव्या दिवशी पेंटर चाकाच्या खुर्चीतून आला. फ्रिजसमोर खुर्ची थांबवायला लावली आणि कागद मोठ्याने वाचला. अख्खा. शेवटी म्हणाला, "अक्षर मात्र घाणेरडंच आहे."

सिस्टर पाठ फिरवून उभी राहिली.

मग तो म्हणाला, "सिस्टर, पहिल्यांदा चुकून लागला तो पट्टा. नंतर मी मुद्दाम लावत होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण बांधायला तुम्हाला दिला मी. ते माझं."

तेव्हापासून आमच्या खोलीत पट्टा सिस्टरच बांधते. वेळ लागतो. लागू दे. बाही वर, दंड मोजायचा, मग पट्टा. पेंटरचं इंजेक्शन दीड महिना बंद राहिलं. गोळ्या नीट सुरू झाल्या, बीपी उतरलं, हिमोग्लोबिन दहाच्या जवळ आलं, तेव्हा कमी डोसने पुन्हा सुरू केलं. आता तो साडेदहा-अकराच्या आसपास असतो. गोदामाची भिंत झाली. परांचीवर पोरं चढली, पेंटर खाली खुर्ची टाकून बसला आणि काना-मात्रा ओरडून सांगितल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बरं झालं. ओरडायला दहा पुरतं."

मित्रांनो, ते औषध वाईट नाही. त्याच्यामुळेच पेंटर पायऱ्या चढतो. पण ते औषध आहे, बक्षीस नाही, की जास्त मिळालं म्हणजे जास्त चांगलं. तुमच्या घरात कुणी ते घेत असेल तर त्यांच्याजवळ बसा. बीपी बघितलं का, विचारा. पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, बघा. रिपोर्ट आला नसेल तर मागे लागा. डोकं दुखत असेल, नजर अंधूक होत असेल, तर "उन्हाने" असं त्यांना म्हणू देऊ नका. गोळी मनाने बंद करू देऊ नका. आणि माझ्यासारख्या जुन्या काट्याला वर्षातून एकदा तपासायला पाठवा. आम्हीही चुकतो, आणि चुकताना आमचा चेहरा बदलत नाही.

काल पेंटर खुर्चीत बसला होता. सिस्टर पट्टा आणायला गेली तेव्हा त्याने माझ्या काचेवरच्या चिरेवरून बोट फिरवलं आणि पुटपुटला, "मित्रा, तुला खोटं बोलायला लावलं मी."

मला बोलता येत नाही. म्हणून इथे लिहितो. मित्रा, शब्द देतो. तुझा आकडा तुला आवडणार नाही अशा दिवशीही मी तो तुझ्या तोंडावर सांगेन. तुला राग आला तरी, तुझी भिंत राहिली तरी. तू फक्त बाही वर कर.