कुंपणाबाहेरचे चुलते

"दाजी, खोरं घेऊन तिकडं कुठं निघालात? आपली माणसं इकडं आहेत!" मी ओरडलो.

आमचे दाजी, म्हणजे लोरीनअक्काचे यजमान अल्विस हॅगूड, तार वाकवून कुंपणापलीकडे गेलेसुद्धा. मे महिन्यातला कबरी साफ करायचा शनिवार होता. आमच्या अलाबामातल्या त्या टापूत कबरीवर गवताची काडी ठेवत नाहीत. खरवडून माती उघडी करायची आणि तिचा उंचवटा ओढायचा. ज्याचं माणूस त्यानंच हे करायचं. एखाद्या कबरीला तुम्ही खोरं लावलंत की तो मेलेला तुमचा झाला, मग माघार नाही.

कापसाची शेती, सरकी काढायची गावातली एकुलती जिनिंग आणि काउंटीच्या बोर्डावरची खुर्ची, एवढा दाजींचा पसारा. त्यांचे पणजोबा एका खेचरावर संसार लादून कॅरोलिनातून आले. आजोबा एसा यांनी जमीन वाढवली, गुलाम वाढवले. कुंपणाच्या आत हॅगूडांचे संगमरवरी दगड होते आणि बाहेर नुसते ओढ्यातले धोंडे. त्या धोंड्यांखाली डायसी नावाची गुलाम बाई आणि तिला एसापासून झालेली मुलं होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, उच्चारत कुणीच नसे. बाकदार नाक मात्र दोन्हीकडे एकच.

नवा डांबरी रस्ता नेमका त्या धोंड्यांवरून जाणार होता. कबरींना वारस असला तर रस्ता वळवावा लागे. डायसीची नात ओडेसा कचेरीत जाऊन आली होती, पण काळ्या बाईचं वारसपण तिथं कोण मानतो? तिला खिडकीवरूनच परत पाठवलं. आणि मंगळवारी बोर्डाची निवडणूक होती.

दाजींच्या विरोधात उभा असलेला बियाणेवाला क्लॉड यान्सी कुंपणाशी आला. "काय अल्विस, आत जागा कमी पडली काय?"

लोक खदखदले.

"जागा रग्गड आहे, क्लॉड. आज्यानं सगळी पोरं आत घेतली नाहीत, एवढंच. हे माझे चुलते आहेत."

हसू जागच्या जागी विरलं. अक्का पुढे धावली. "अहो, मंगळवार तरी जाऊ द्या!"

"सोमवारी बुलडोझर येतोय, लोरीन."

मला त्यांचा राग आला होता. एवढं कमावलेलं असं मातीत घालायचं? पण दाजी मान खाली घालून माती ओढत राहिले.

रस्त्याच्या कडेला उभी असलेली ओडेसा जवळ आली. "द्या ते खोरं, मिस्टर अल्विस."

"असू दे, मी करतो."

"हा माझा बाप आहे. ह्याची माती मीच ओढणार. तू पलीकडची घे, अल्विस."

चारचौघांत काळ्या बाईनं गोऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. दाजींनी खोरं तिच्या हातात दिलं आणि माझं मागून घेतलं.

रस्ता वळला. मंगळवारी दाजी सपाटून पडले, आणि त्या हंगामात गावाचा निम्मा कापूस नदीपलीकडच्या जिनिंगवर गेला. पण ते नंतरचं.

त्या दुपारी चर्चसमोर ओकच्या झाडांखाली फळ्यांवर जेवणं मांडली. अक्काच्या तळलेल्या कोंबडीवर दरवर्षी उड्या पडायच्या. त्या दिवशी तिच्या भांड्याला कुणी हात लावला नाही. बायका शेजारची भांडी उचलून नेत होत्या आणि आमच्या बाकावर माणूस बसत नव्हतं. अक्काचा चेहरा बघवेना.

दाजींनी मातीचे हात विजारीला पुसले, सगळ्यांना दिसेल असे ताठ बसून पोटभर जेवले आणि ताट पुन्हा पुढे केलं.

"वाढ की, लोरीन. आज काम केलंय."

अक्कानं डोळे पुसले आणि वाढलं.