पांढुर्ण्याच्या माणसाला खोली

"माणूस कोणत्या गावचा आहे, याला जगात काडीची किंमत नसते. किंमत असते ती माणुसकीला."

हे वाक्य वामनरावांनी १९८४ सालच्या जून महिन्यात, पांढुर्ण्याच्या ढोरांच्या दवाखान्यात, गळ्यात हार घालून उच्चारलं. सौंसरला बदली झाली होती, त्याचा निरोप होता. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, आपल्या जागी येणारा कंपाउंडर कुठला? रामाकोन्याचा, असं कळलं. वामनराव हारासकट उठले, आत गेले, कात्री, थर्मामीटर आणि टिंक्चरच्या बाटल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली थेट डॉक्टरसाहेबांच्या हातात दिली. रामाकोन्याच्या माणसाच्या हाताला वस्तू चिकटतात, असं त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं. सासरे उभ्या जन्मात रामाकोन्याला गेले नव्हते. पण ऐकलं होतं त्यांनी पक्क्या माणसाकडून.

तर असे हे वामनराव सौंसरला रुजू झाले आणि खोली शोधायला लागले.

पहिलं घर अंबाबाईंचं. अंबाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. पुढचा कमरा रिकामा होता, त्याला मोरी होती, खिडकी होती. वामनरावांना खोली आवडली, अंबाबाईंनाही वामनराव आवडले. सरकारी नोकरी, पांढरा सदरा, विडीकाडी नाही.

"गाव कोनतं जी तुमचं?"

"पांढुर्णा."

सूप थांबलं. अंबाबाईंनी वर पाहिलं, ते वामनरावांच्या डाव्या भुवईवर. तिथे दोन बोटं लांबीचा जुना व्रण होता.

"हे त्याच दिवसाचं काय?"

"नाही जी. बकरीनं मारलं. सुई देऊन राहिलो होतो तिले."

"बकरीनं," अंबाबाई म्हणाल्या, आणि आत तोंड करून ओरडल्या, "सूनबाई, पुढचा कमरा आपन भावाच्या पोराले देनार होतो ना वो?"

"कोनत्या भावाच्या?" आतून आवाज आला.

"पाहा, पोरगं यिऊन राहिलं," असं म्हणून अंबाबाईंनी सूप पुन्हा हलवायला घेतलं.

आता, 'तो दिवस' म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, कर. त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी राहतात. मध्ये पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, झाडावर झेंडी. ती झेंडी आपली व्हावी म्हणून दोन्ही काठ एकमेकांवर गोटे मारतात. याला गोटमार म्हणतात. डोकी फुटतात, हे खरं. आता उरलेलं वर्षभर पांढुर्ण्याचे लोक कपाशी वेचतात, संत्र्याला पाणी देतात, वांग्याच्या भावावरून घासाघीस करतात आणि नवाच्या आत झोपतात. पण एका दिवसाचं नाव होतं, बाकीच्या दिवसांना कोणी विचारत नाही.

आणि वामनरावांनी तर त्या एका दिवशीही कधी खडा उचलला नव्हता. करीला त्यांची ड्यूटी ठरलेली. माणसांच्या दवाखान्यात गर्दी मावेनाशी झाली की उरलेली डोकी ढोरांच्या दवाखान्यात येत, आणि वामनराव बैलाच्या पट्टीतून माणसाच्या मापाची पट्टी कापत. रक्त पाहून त्यांना घेरी येई, म्हणून ते डोळे अर्धे मिटून बांधत. एकदा त्यांनी जखम सोडून दुसऱ्याच बाजूला पट्टी बांधली होती. पेशंट तसाच परत लढायला गेला.

दुसऱ्या घरी मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या घराले काच आहे जी." तिसऱ्या घरी खोली म्हणे सकाळीच गेली होती, दुपारी तिच्यावर भाड्याची पाटी तशीच लटकत होती. चौथ्या घरच्या म्हातारीने प्रेमाने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू बरा आहेस बाप्पा, पन तुह्या भेटीले गावचे लोक येतीन."

वामनराव दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपत होते. बाजूच्या खुंट्याला तपासणीसाठी आलेली एक खोकणारी वासरी होती. ती त्यांना झोपू देत नव्हती, ते तिला. मुद्दा झोपेचा नव्हताच. त्यांची पोरगी सुमन सातवीत गेली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सौंसरच्या शाळेत नाव टाकलं नाही तर पोर वर्षभर आईबरोबर पांढुर्ण्यातच राहणार आणि बाप बाकड्यावर. बायकोने, म्हणजे शकुंतलाबाईंनी, निरोप धाडला होता: 'खोली भेटत नसन तर तसं सांगा, मी येऊन शोधतो.' निरोप साधा होता. पण शकुंतलाबाई खोली शोधायला आल्या असत्या तर पांढुर्ण्याबद्दल सौंसरचं जे मत होतं ते पक्कं झालं असतं.

पांढुर्णा मध्य प्रदेशात, पण बोली मराठी; त्यामुळे वामनरावांना गावावरून बोलणी खायची सवय होती. नागपूरला गेलं की "तुम्ही एम.पी.वाले", छिंदवाड्याला गेलं की "आप लोग तो महाराष्ट्र के हो". दोन्हीकडचं त्यांनी निमूट गिळलं. पण सौंसरने बोलावं? तीच बोली, तीच संत्री, दोन्हीकडच्या सोयरिकी. बसने दीड तास, त्यातला अर्धा तास ड्रायव्हरच्या चहाचा. एवढ्यात माणूस दगडफेक्या होतो कसा?

पाचवं घर रघुनाथरावांचं. संत्र्याचा बगीचा, विहीर, मागे दोन खोल्या. त्यांच्या गाभण गाईला वामनरावांनी आठवडाभर औषध पाजलं होतं, त्यामुळे बसायला खाट मिळाली.

"मानूस तुमी बरे दिसता," रघुनाथराव म्हणाले. "पन मी कोनाच्या भरवशावर देऊ? तुमच्या गावच्या कोन्या वजनदार मानसाची चिठ्ठी आना. मंग पाहू."

वामनराव रविवारी पांढुर्ण्याला गेले ते थेट बापूजींकडे. बापूजी म्हणजे मोहल्ल्यातला शेवटचा शब्द. सत्तरीचे, आणि टाळूवर चार खुणा. प्रत्येक खुणेचं साल त्यांना पाठ होतं.

"बापूजी, माह्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या. सौंसरले मकान भेटून नाही राहिलं."

"कायले नाही भेटून राहिलं?"

वामनरावांनी त्यांच्या टाळूकडे पाहिलं. त्या चार खुणांसमोर गोटमारीला दोष कसा द्यायचा? ते म्हणाले, "वळख नाही ना जी आपली तिथं."

"वळख नाही? तुह्यासारख्याची?" बापूजींना खरंच वाईट वाटलं. त्यांनी पोरांना गप्प केलं, चष्मा लावला, पाऊण तास लिहिलं आणि लिफाफा खळीने चिकटवून हातात दिला.

"पाहून त घ्या काय लिहिलं ते," घरी शकुंतलाबाई म्हणाल्या.

"बापूजीची चिठ्ठी फोडून पाहू?" वामनराव म्हणाले. "लाज नाही का आपल्याले?"

सोमवारी सकाळी रघुनाथरावांनी लिफाफा फोडला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. सुरुवात सरकारी होती, म्हणजे हिंदीत. "प्रमाणित किया जाता है कि श्री वामन इसी वार्ड के निवासी हैं." बापूजींची हिंदी एवढ्यावरच सरली होती. पुढे असं होतं:

'याच्या घरान्यात तीन पिढ्या गोटमारीत कोनी मांगं सरकलं नाही. वामन सोळा वर्साचा असतानी भर माऱ्यात झाडापर्यंत गेला अन् झेंडी घेऊन आला. कपाळावरची खूण त्याच दिवसाची आहे, पाहून घ्यावी. नेम असा का उडता कावळा सांगून पाडते. असा किरायेदार नशिबानं भेटते. सावरगाववाल्यायनं मांगितला असता त आमी देला नसता.'

वामनरावांना अंगणातली विहीर जवळ वाटू लागली.

"हे खोटं आहे जी."

"मंजे बापूजी खोटं लिहून राहिले?"

वामनरावांच्या तोंडाशी दोन उत्तरं आली. एक दिलं तर पांढुर्ण्याची माणसं खोटारडी ठरत होती, दुसरं दिलं तर दगडफेकी. आठ दिवसांचं सगळं एकदम वर आलं.

"अजी, मी गोटा हातात धरला नाही कधी. रक्त पाह्यलं का मले घेरी येते. आमच्या गावात मास्तर आहेत, शिंपी आहेत, भजनं म्हननारे आहेत, एक जन त बासरी वाजवते. त्याची चिठ्ठी आनू काय? मी चांगला आहो म्हनलं का तुमाले पटत नाही, म्हून चिठ्ठी आनली; त बापूजीले वाटलं का याच्याहून चांगलं सांगाले काही नाही. आता बकरीले आनू काय साक्षीले? ते बकरी मेली जी. धा वर्सं झाली."

रघुनाथराव ऐकत होते, पण त्यांची नजर भुवईवर होती. चिठ्ठीची त्यांनी नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. आवाज एकदम खाली आला होता.

"सोळाव्या वर्सी?"

"बकरी म्हनून राहिलो ना मी."

"मोठ्या मानसाचं असंच असते," रघुनाथराव म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं सांगत नाही."

आत जाऊन त्यांनी किल्ली आणली. पहिल्या तारखेपासून राहायला या, किरायाचं मागाहून बोलू, पोरीला शाळेत मी स्वतः घेऊन जातो, हेडमास्तर ओळखीचे आहेत. वामनरावांनी हात पुढे केला नाही. किल्ली रघुनाथरावांनी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. सुमनची शाळा आठवून वामनरावांनी मूठ उघडली नाही. आपण नक्की कोण म्हणून इथे राहायला येतोय, हे त्यांना कळेना. ते फाटकापर्यंत गेले.

"वामनराव," मागून हाक आली. "एक बारीकसं काम होतं जी. औंदा करीले आमी घरचे सात-आठ जन गोटमार पाहाले पांढुर्ण्याले यिऊन राहिलो. नदीकाठची एखांदी गच्ची पाहून ठेवजा. सावलीची पाहा पन. मांगच्या साली उन्हानं माहं डोकं लय दुखलं."