शैलजाताईंचं कुंकू आणि माझा डावा लिव्हर

मित्रांनो, मी एक जुनी पेडल स्टील गिटार आहे, नवशिक्यांसाठी बनवलेली, आणि तेलकट बोटांची मला शिसारी येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा सूर कडवट लागला तर दचकू नका.

मला कोणी मांडीवर घेत नाही. मी चार पायांवर टेबलासारखी उभी असते. वर दहा तारा, खाली तीन पेडलं आणि पोटाशी लोंबणारे दोन लिव्हर. वादकाने बसल्या बसल्या गुडघ्याने लिव्हर ढकलला की ठरावीक तारा अर्धा स्वर चढतात किंवा उतरतात. गुडघा काढला की त्या मुकाट आपल्या जागी परत यायला हव्यात. माझी सगळी अब्रू त्या परत येण्यात आहे.

महूला मालोजीरावांकडे मी बावीस वर्षं होते. ते फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे. मला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. गुडघा बाजूला ठेवून खुंटीवर मोकळी तार लावायची, मग लिव्हर दाबून धरून दुसऱ्या टोकाच्या लहानशा नटावर चढलेला स्वर जुळवायचा, आणि सोडून मोकळी तार पुन्हा ऐकायची, हा त्यांचा नेम. मुलाकडे कायमचे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी मला आपल्या शिष्येला, इंदूरच्या शर्वरीला, देऊन टाकलं. पोरगी गुणी. घरचं काय सांगू!

या घरात सकाळी पोहे आणि संध्याकाळी शेव. येणारा प्रत्येक पाहुणा शेव खाता खाता माझ्या तारांवरून बोट फिरवून बघे. पोह्यांवर भुरभुरायचा जिरावनचा मसाला तारांखाली साचला. तिखट, आंबट, ओशट. मला ओकारी येत नाही, केवळ म्हणून सहन केलं.

मग आली खंडेनवमी. शर्वरीची आई शैलजाताई शाळेत शिकवतात आणि या दिवशी घरातल्या एकूण एक अवजाराची पूजा करतात. स्कूटरची झाली, मिक्सरची झाली, मग माझी. प्रत्येक पेडलावर, प्रत्येक लिव्हरवर हळदीकुंकू आणि अक्षता. त्यावर अशोकराव, म्हणजे शर्वरीचे वडील, म्हणाले की मशीनला तेल हवंच, आणि समईत उरलेलं तिळाचं तेल माझ्या सांध्यांत ओतलं. त्यात काजळी होती, वातीचा तुकडा होता, एक मेलेला किडा होता. सगळ्यांनी मला नमस्कार केला. मी भक्तिभावाने शहारले असं कोणाला वाटलं असेल, तर ते साफ चूक आहे.

आठवड्याभरात त्या तेलाचा आणि कुंकवाचा चिकट लगदा झाला. डावा लिव्हर अर्ध्यातच अडकू लागला. चौथी तार चढली की पुरती उतरेना. बिचाऱ्या शर्वरीला वाटलं, तारच चढली. तिने मोबाइलवर स्वर बघून खुंटी ढिली केली. मग लिव्हर अचानक सुटला आणि तार खड्ड्यात गेली. पुन्हा खुंटी आवळली. असं रोज.

आणि दिवाळी पहाट तोंडावर आलेली. मराठी मंडळाच्या त्या कार्यक्रमात शर्वरीला दहा मिनिटं मिळायची होती. अरुंधतीबाई कार्यक्रम बसवत होत्या. त्या घरी ऐकायला आल्या आणि तिसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"बेटा, हात छान आहे तुझा. पण हे बेसुरं आहे. गुरुवारपर्यंत ठीक झालं तर बघू, नाही तर तुझ्या जागी बंटीला घेते."

अशोकरावांनी लगेच सुचवलं की ही भानगड विकून कीबोर्ड आणू.  शर्वरी माझ्याखाली उताणी झोपली, मोबाइलचा उजेड पाडला आणि तिने नाक मुरडलं. इतक्या महिन्यांत माझ्यासारखंच वाटणारं कोणीतरी भेटलं.

तिने लिव्हर पुसायला घेतला, तेवढ्यात शैलजाताईंनी फडकं धरलं. पूजेचं कुंकू पुसतात का, असं त्यांचं म्हणणं. शर्वरी खालूनच बोलली.

"आई, देवघरातले टाक तू हर सणाला चिंचेने घासते ना? मग त्यांचं कुंकू जातं कुठे?"

शैलजाताईंनी फडकं सोडलं. मग आत जाऊन जुना टूथब्रश घेऊन आल्या आणि साडी खोचून जमिनीवर बसल्या. दोघींनी दोन तास माझे सांधे खरवडले. निघालेली घाण मी पाहिली आणि मलाच माझी किळस आली. मग शर्वरीने मालोजीरावांच्या क्रमाने तार लावली. लिव्हर सोडला आणि चौथी तार नेमकी आपल्या जागी आली. अगदी खरं सांगायचं तर मला रडूच आलं असतं.

गुरुवारी अरुंधतीबाईंनी पूर्ण ऐकलं. पाडव्याच्या पहाटे आम्ही दहा मिनिटं वाजवलं, एकही स्वर ढळला नाही. कार्यक्रम संपल्यावर बाई भारावून माझ्याकडे आल्या. एका हातात अर्धी चकली, दुसऱ्यात कुंकवाचा करंडा. शैलजाताई मध्ये उभ्या राहिल्या.

"बाई, कुंकू माझ्या पोरीला लावा. हिला हात लावायचा तर पहिले धुऊन या."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं कोणीतरी असेल. वर्षातून एकदा त्याच्या पाया पडू नका. महिन्यातून एकदा खाली वाकून त्याला पुसा.