कमलाकरची शुगर

ओवे गावच्या कमलाकरची शुगर सगळ्या पाहुण्यांत प्रसिद्ध होती. हळदीच्या मांडवात कुणी जिलेबी पुढे केली, की तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "आपल्याला शुगर हाय." ऐट अशी, की जणू सरपंचपदच मिळालंय. अकरा वर्षं तो औषधाला ठाण्याला जायचा. पनवेलचे डॉक्टर काय संपावर होते? पण हे कुणी विचारलं नाही. बायको रमा तेवढी अशा वेळी पदर सारखा करत आत निघून जायची.

अडचण झाली ती लेकीची. निशा लॅब टेक्निशियनचं शिकत होती. रविवारी जेवणं झाल्यावर तिने शुगर मोजायचं मशीन काढलं आणि बापाचं बोट धरलं.

"सोड. नाय टोचायचं."

"बाबा, हळदीला बोकड कापताना तुम्हीच धरता ना? आणि एवढ्याशा सुईला घाबरता?"

सुई टेकली मात्र, कमलाकर ओरडला, "माझ्या रक्ताला हात लावू नको!"

निशा बघतच राहिली. शुगरवाला असं ओरडत नाही, एवढं ती शिकली होती.

"शुगर नाय मला," तो टीव्हीकडे बघत म्हणाला. टीव्ही बंद होता. "रेतीच्या गाडीवर होतो तवा... बाहेर राहायचो. एचआयव्ही हाय."

निशाने सुई बाजूला ठेवली. "गोळ्या रोज घेता? व्हायरल लोड किती?"

"रक्तात विषाणू सापडतच नाय म्हणतात."

"मग नीट आहे की! आम्हाला शिकवतात हे सगळं." मग ती थांबली. "मी तिसरीत असताना मलेरिया म्हणून माझं रक्त तपासलं होतं. ते हेच ना?"

"तुझ्यात काय नाय निघालं."

एवढ्यावर सुटलो, असं कमलाकरला वाटलं. स्वस्तात सुटायची त्याला जुनी सवय.

"आणि आई?"

त्याने दाराशी बसलेल्या रमाकडे पाहिलं. तिने इतकी वर्षं सावरून घेतलं होतं, आताही घेईल.

"मी नाय सांगणार," रमा म्हणाली. "तुमचं तुमीच सांगा."

"तिलाबी हाय," कमलाकर म्हणाला. मान वर होईना. "माझ्याकडून."

निशा उठली आणि आईला खेटून बसली. "पहिल्यांदा कळलं तेव्हा कोण होतं तुझ्याजवळ?"

"कोण असणार?"

मायलेकी हळू आवाजात बोलत राहिल्या. कुणीतरी आपल्याला शिवी द्यावी म्हणून कमलाकर वाट बघत बसला. कुणी दिली नाही.